आधी शेजाऱ्याला

माझ्या धंद्याला माझी सख्खी बहीण ‘मेल्याच्या टाळूवरचं लोणी’ म्हणायची, आणि तेही माझ्याच घरी बसून, मी केलेले पोहे खात. मी तिला एकदाच म्हटलं, “बाई गं, हे पोहेही त्याच लोण्यातले आहेत. नको असतील तर ठेव.” तिनं बशी चाटूनपुसून संपवली, पण मत काही बदललं नाही.

धंदा असा होता. घरकर्जाचे हप्ते थकले की बँक आधी घरी पत्रं पाठवते, मग दारावर नोटीस चिकटवते, तीच वर्तमानपत्रात बारीक टायपात छापते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर घराचा लिलाव करते. मी नोटीस आणि लिलाव यांच्या मधल्या दिवसांत जायची. लिलावात घर मातीमोल भावानं जातं. माझा भाव त्याहून बरा असायचा. बँकेचं फिटून त्या माणसाच्या हातात चार पैसे उरायचे आणि पुढे घर विकलं की मलाही उरायचे. नाही कशाला म्हणू? मी काही समाजसेवा करत नव्हते.

या धंद्यात मी आले ते रागानं. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. वडील निवृत्त झाले तेव्हा आईनं भिंतीतले सगळे खिळे उपटले आणि भोकं अंगाच्या साबणानं बुजवली, कारण ताबा घ्यायला येणारा साहेब भोकं बघतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. साहेबानं भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. आई किल्ली देताना रडली आणि मी ठरवलं, आपल्याला घरं हवीत. एक नाही, पुष्कळ. पुढे चिंचवडच्या ज्या कंपनीत मी टायपिस्ट होते तिथं कॉम्प्युटर आले, आम्हा टायपिस्ट बायकांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा चेक ठेवला गेला, आणि त्या पैशात मी पहिलं घर घेतलं. नोटीस लागलेलं.

तेव्हा खराडीत आयटी पार्क उभे राहत होते. कालची कॉलेजातली पोरं नोकरीला लागल्यावर वर्षभरात फ्लॅट बुक करत होती. मग अमेरिकेत मंदी आली आणि इकडे पोरं घरी बसली. वर्तमानपत्रातलं नोटिशींचं पान जाड झालं. मी सकाळी चहा घेताना लाल पेन घेऊन ते पान वाचायची. लोक राशिभविष्य वाचतात तसं.

माझी पद्धत ठरलेली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. आधी जाऊन इमारत बघायची, वॉचमनला विचारायचं, “भाड्यानं जागा मिळेल का हो?” मग घरमालकाला पत्र पाठवायचं. टाइप केलेलं नाही. माझा हात टायपिंगला बसलेला, तरी पत्र मी हातानं लिहायची, साध्या पाकिटात, म्हणजे घरातल्या माणसाला ते आत्याचं वाटावं. त्यात एका ओळीखाली रेघ असायची, ‘या कानाचं त्या कानाला कळणार नाही.’ कारण नोटीस दारावर लागली तरी इमारतीत एक नाटक चालू असतं. सगळ्यांनी ती वाचलेली असते आणि कुणीच वाचलेली नसते. जिन्यात भेटले की लोक चपलांकडे बघत ‘काय, बरं ना?’ विचारतात. त्या नाटकाला लागणारे संवाद मी पुरवायची. घर का विकलं याचं कारण माझ्याकडून फुकट. बदली झाली, गावी आई आजारी असते, मोठं घर घेतलं. ज्याला जे शोभेल ते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकून ठेवायचं कौशल्य माझं.

तर त्या मंदीच्या वर्षी वाघोलीतल्या एका फ्लॅटची नोटीस छापून आली. कर्ज बाप-लेकीच्या नावावर होतं. मी नेहमीसारखं पत्र टाकलं. अशा पत्राला आठ-दहा दिवस उत्तर येत नाही, मग एखाद्या दुपारी फोन येतो आणि कुणीतरी हळू आवाजात विचारतं, “ते पत्र तुमचंच का?” इथून तिसऱ्या दिवशी टपालानं उत्तर आलं. रेघी कागदावर वळणदार मराठी अक्षर. ‘पत्र मिळालं. रविवारी सकाळी दहाला यावं. नाश्ता आमच्याकडेच करावा.’

ज्याचं घर जायला निघालंय असा माणूस नाश्त्याला बोलावतो, हे माझ्या अनुभवात बसेना. मला वाटलं, गडी भाव वाढवणार.

तिसऱ्या मजल्यावर चार दारं होती. त्यातल्या या बाप-लेकीच्या दारावर नोटीस होती, पण अशी नोटीस मी कधी पाहिली नव्हती. एरवी ती वाकडी असते, कोपरे लोंबत असतात, निम्मी फाडलेली असते. ही अगदी काटकोनात, मधोमध, कुठे फुगा नाही की सुरकुती नाही. दार उघडलं ते साठीच्या एका गृहस्थांनी. पांढरी दाढी, स्वच्छ लेंगा-सदरा, आणि बोटांच्या नखांत वाळलेली खळ. भवानी पेठेत त्यांचं बुक बाइंडिंगचं दुकान होतं. तीन पिढ्या तोच उद्योग, सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं आणि कॉलेजच्या पोरांचे प्रबंध बांधायचे.

मी नोटिशीकडे बघतेय हे त्यांना दिसलं. म्हणाले, “बँकेच्या माणसानं डिंकाचे चार ठिपके देऊन लावली होती हो. वाऱ्यानं रात्रभर फडफडायची. मी खळ लावून नीट केली.”

“अहो चाचा, पण कशाला?”

“लागायचीच आहे तर सरळ लागू दे. दार आमचं आहे, ताई.”

आत त्यांच्या पत्नीनं अंडाभुर्जी आणि पेठेतल्या बेकरीचे पाव आणून ठेवले. मुलगी खिडकीशी बसली होती. पंचविशीची असेल. घराण्यात बँकेत पगार जमा होणारी ती पहिली, पेठेतल्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं हे तिच्याच डोक्यातून निघालेलं. खराडीतल्या कंपनीत होती, एका शुक्रवारी ओळखपत्र काढून घेऊन घरी पाठवलेली. आता खालच्या मजल्यावरच्या मुलांना गणित शिकवत होती. मी बसले होते तितका वेळ तिनं फरशीवरून नजर उचलली नाही. घर आपल्यामुळे आलं आणि आपल्यामुळे चाललं, हे तिच्या पाठीवर लिहिल्यासारखं दिसत होतं.

मी भाव सांगितला. चाचांनी शांतपणे ऐकला, दाढीवरून हात फिरवला. “वाजवी आहे,” म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. पिशवीतून कागद काढायला हात घातला तोच ते म्हणाले, “एक काम राहिलंय फक्त. शेजाऱ्यांना विचारायला हवं.”

“त्यांची सही लागत नाही. सोसायटीचा दाखला मी बघते.”

“सही नाही हो. विचारायचं. आमच्यात रीत आहे. घर विकायचं तर पहिला मान शेजाऱ्याचा. त्यानं नको म्हटलं की मग बाहेरच्याला. माझ्या वडिलांनी पेठेतली खोली सोडली तेव्हाही आधी भिंतीपलीकडच्या शिंप्याला विचारलं होतं.”

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, “चाचा, रीत चांगलीच आहे, पण वेळ कुठली आहे? दार ठोठावून सांगणार काय? की आमचं घर जप्त होतंय, घेता का? चव्हाट्यावर येईल सगळं! लोकांना सांगा की मुलीला बंगळूरला नोकरी लागली. झालं. त्यात तिचीही शोभा राहते.”

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पावाचा तुकडा उगाचच कुस्करला.

“खोटं कारण सांगून विचारलं तर ते विचारणं कसलं?” चाचा म्हणाले. “आणि तुम्हीही चला. घेणारा कोण, हेही त्यांना कळायला हवं.”

मी! जिनं आयुष्यात एकाही इमारतीत आपलं खरं काम सांगितलं नव्हतं, ती मी त्यांच्या मागून पॅसेजमध्ये! पळून जावंसं वाटत होतं, पण सौदा हातातोंडाशी आला होता. लोभ माणसाला कुठे उभं करेल सांगता येत नाही.

पहिल्या दारात एक आयटीतलं जोडपं होतं. मुलगा हाफ पँटमध्ये, हातात दात घासायचा ब्रश. चाचांनी आवाज न चढवता आणि न उतरवताही सांगितलं. हप्ते थकलेत, बँकेची नोटीस आहे, घर विकावं लागतंय, या बाई घ्यायला आल्यात, पण आधी तुम्हाला विचारतो. तो पोरगा लाल झाला. “अंकल, आमचाच ईएमआय डोक्यावर आहे हो... आम्ही वाचली होती नोटीस. पण म्हटलं, तुम्हाला ऑकवर्ड होईल, म्हणून...” बायको मागून म्हणाली, “सॉरी अंकल.” दुसऱ्या दाराला कुलूप होतं, मालक परदेशात.

तिसरं दार समोरचं. उंबऱ्यात नऊवारीतली एक म्हातारी मेथी निवडत बसली होती. ज्या जमिनीवर ही इमारत उभी होती ती तिच्या सासऱ्यांची. बिल्डरनं बदल्यात दोन फ्लॅट दिलेले, त्यातल्या एकात ती एकटी राहायची. चाचा तिला आक्का म्हणायचे. त्यांनी पुन्हा तेच सगळं तसंच सांगितलं.

“आगं बया! त्यो कागद त्याचा हाय व्हय?” म्हातारी म्हणाली. “मला कुटं वाचाया येतंय. मला वाटलं पान्याच्या टाकीचं कायतरी लावलंय.” मग मेथीची जुडी माझ्याकडे रोखून, “आन ही कोन?”

“या घेणार आहेत.”

“हं,” म्हणाली ती आणि मला खालून वर न्याहाळलं. त्या ‘हं’मध्ये माझ्या बहिणीचं अख्खं भाषण होतं.

मग पदरानं हात पुसत चाचांना म्हणाली, “भाई, आमच्यात बी असंच हाय. बांधाला बांध ज्याचा, त्याला आदी इचारायचं. माज्या सासऱ्यानं ही जमीन इकताना बांधावरल्या भावाला इचारलं न्हाई. त्यो भाऊ पुन्यांदा दारात आला न्हाई, सासरा मेला तवा बी न्हाई. आन हितं ऱ्हायला आल्यापासनं मला तरी कुनी काय इचारलंय? तुमी पयलं.” तिनं मेथी बाजूला सारली. “म्हंजे आदी हक्क माजा?”

“तुमचा.”

“मंग म्या घेती.”

गेला सौदा!

“पन घिऊन करू काय? ह्ये दोन फ्लॅट झाडाया मला मानूस मिळंना. ऱ्हावा की तुमीच.”

मी तोडून बोलले, “अहो आजी, असं तोंडानं घेतलं म्हणून होत नाही. बँक थांबत नाही.”

तेव्हा मागून त्या मुलीचा आवाज आला. ती कधी दारात येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. “मॅडम, सगळं कर्ज नाही, फक्त थकलेले हप्ते भरले, तर बँक थांबते का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ब्रशवाला पोरगा, त्याची बायको, चाचा, म्हातारी. त्या पॅसेजमध्ये उत्तर ठाऊक असलेली मी एकटीच होते. शंभर पत्रं लिहिली असतील मी, एकातही ही गोष्ट लिहिली नव्हती. विचारलं नाही तर सांगायचं नाही, यावरच तर माझं घर चालत होतं. ‘बघावं लागेल’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन शब्द. मी चाचांच्या दारावरच्या त्या सरळ नोटिशीकडे बघितलं आणि मला माझीच शरम वाटली.

“थांबते,” मी म्हटलं. “लिलावाची तारीख लागायच्या आत भरले तर बहुतेक वेळा थांबते. लगेच जायला हवं.”

चाचा ताठ झाले. “आक्का, मी घराचं विचारायला आलो होतो. पैसे मागायला नाही.”

“पैसं कोन देतंय?” म्हातारी उसळली. “म्या घर घेतलंय नव्हं? मंग सौदा पक्का कराया इसार नगो? इसार न घेता सौदा करता का तुमच्यात? तुमचं हप्तं किती थकल्यात तेवडा माजा इसार. बाकीचं पुडं बगू, सवडीनं. मला घाई न्हाई.”

सौद्याचा इसार म्हटल्यावर चाचा नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? स्वतःच विचारायला गेले होते की! पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली, आणि ब्रशवाला पोरगा एकदम म्हणाला, “अगं, तू तुझा बायोडाटा का नाही दिलास मला? आमच्याकडे टेस्टिंगला घेतायत. मला माहीतच नव्हतं तू घरी आहेस!” एका पॅसेजमध्ये राहून माहीत नव्हतं. नाटकात आपापलं काम सगळे चोख करत होते ना.

मी पिशवी घेतली आणि जिना उतरले. खाली वॉचमन म्हणाला, “मिळाली का जागा?” मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

तीन दिवस माझा तिळपापड झाला होता. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, दुसरं काय? बहिणीला सांगितलं तर ती टाळ्या पिटायची बाकी राहिली. पण चौथ्या दिवशी नोटिशींचं पान उघडलं आणि लाल पेन काही चालेना. एकेका नावापाशी तो पॅसेज दिसायचा. त्या माणसाचं सगळं जायला निघालं होतं, आणि त्यानं रीत तेवढी सोडली नाही. मी असते तर? मी आधी बंगळूर गाठलं असतं.

वर्ष-दीड वर्षानं मी भवानी पेठेत त्यांच्या दुकानात गेले. निमित्त फायली बांधून घ्यायचं. चाचांनी लगेच ओळखलं, स्टूल पुसून दिलं. बँकेनं प्रकरण मागं घेतलं होतं. पोरगी त्या पोराच्या कंपनीत लागली होती आणि आक्कांचा इसार फिटला होता. “घेईनातच हो त्या,” चाचा हसून सांगत होते. “म्हणाल्या, ‘सौदा म्या मोडला, इसार बुडाला, परत कसला देता? रीत हाय.’ शेवटी मुलीनं पैसे मेथीच्या टोपलीत ठेवले आणि पळाली.” आक्कांचे सातबाऱ्याचे जुने उतारे त्यांनी लाल कापडात बांधून दिले होते. आणि नोटीस? “ओल्या फडक्यानं अख्खी काढली. कुठे फाटू दिली नाही. कागद चांगला जाड होता, एका रजिस्टरच्या पुठ्ठ्यात आतून लावून टाकला.”

पुढं मी धंदा सोडला नाही. साधू वगैरे झाले नाही. पण पत्रातली रेघेची ओळ काढली आणि तिथं दोन नव्या घातल्या. ‘फक्त थकलेले हप्ते भरले तरी बँक बहुधा थांबते. आणि शेजाऱ्यांना विचारलंत का?’ बरेच सौदे त्यामुळे हातचे गेले. काहींनी मला वेड्यात काढलं. ज्यांनी तरीही घर विकलं, त्यांच्याकडचा चहा मात्र मला पचायला लागला.

हे सगळं आज आठवायचं कारण असं, की परवा मी माझं खराडीचं राहतं घर विकायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागलेत, बहिणीच्या तळमजल्यावर जाऊन राहणार आहे. पोहे आता तिनं करायचे. एजंट गिऱ्हाईक घेऊन यायच्या आत मी साडी बदलली, चष्मा पुसला आणि समोरची बेल वाजवली. रीत म्हणजे रीत.

दार साखळीपुरतं उघडलं. पस्तिशीचा एक माणूस, कानात वायर.

“कोण पाहिजे आपल्याला?”

अकरा वर्षं मी त्याच्या समोर राहतेय. त्याची पाटी मला पाठ आहे, दूधवाला कधी येतो तेही माहीत आहे, आणि त्याला मी कोण ते माहीत नाही. दोष त्याला कसा देऊ? अकरा वर्षांत ही बेल मी आज पहिल्यांदा वाजवत होते. चाचांना किती दारं ठोठावता येत होती, आणि मला हे एक ठोठावायला घर विकायची वेळ यावी लागली.

“मी समोरची,” म्हटलं. “घर विकतेय. आधी तुम्हाला विचारायला आले.”

त्यानं कानातली वायर काढली. “मला?” म्हणाला, आणि साखळी काढायला लागला.